एक एकर मका: शेणखतावर नत्राची गरज भागेल का? युरिया किती कमी करता येईल?

सरीवरंबा (प्रश्न)

एक एकर संकरित मक्याच्या खताचं गणित बसवायचं आहे. अंतर 75 बाय 20 सेंमी, पाण्याची सोय आहे, जमीन मध्यम काळी. माती परीक्षणाचे आकडे: सामू (पीएच) 7.8, सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.41 टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी 190 किलो, स्फुरद (फॉस्फरस) 14 किलो, पालाश (पोटॅश) 320 किलो, जस्त 0.5 पीपीएम. शिफारस हेक्टरी 120:60:40 ची, म्हणजे एकरी 48 किलो नत्र, 24 किलो स्फुरद आणि 16 किलो पालाश.

हाताशी 2 टन शेणखत आणि 400 किलो कोंबडीखत आहे. विचारायचं ते असं:

1. रासायनिक खत पूर्ण बंद करून फक्त सेंद्रिय खतावर एवढं नत्र देता येईल का? त्यासाठी खत किती लागेल?
2. दोन्ही मिळून द्यायचं तर शेणखताच्या बदल्यात युरिया नक्की किती किलोने कमी करायचा? "निम्मा करा", "पाव करा" असली उत्तरं सगळीकडे मिळतात, हिशोब कुठेच मिळत नाही.
3. शेणखत घातलेल्या रानात मका पंचविसाव्या दिवसाच्या आसपास पिवळा पडतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. खत घालूनही असं का होतं?

नत्रमापक

प्रश्न आकड्यांसकट मांडलात ते बरं केलंत, त्यामुळे उत्तरही आकड्यांत देता येतं.

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात. म्हणजे 2 टनात 10 किलो. पण हे 10 किलो पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाहीत. बहुतेक नत्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं, जिवाणूंनी ते कुजवून अमोनियम आणि मग नायट्रेट केल्याशिवाय मुळांना घेता येत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतातून पहिल्या पिकाला ढोबळ 30 टक्के मिळतं असं धरा. 2 टनातून 3 किलो, म्हणजे साडेसहा किलो युरियाएवढं.

आता उलट बाजूने मोजा. 48 किलो नत्र पहिल्याच हंगामात फक्त शेणखतातून हवं असेल तर एकरी 32 टन लागेल. कागदावर 9.6 टनात 48 किलो नत्र दिसतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. त्यातलं पिकाच्या वाट्याला येतं जेमतेम 14 किलो.

कोंबडीखत यापेक्षा तेज. नत्र 2 ते 3 टक्के, आणि त्यातलं निम्मं तरी त्याच हंगामात मोकळं होतं. अडीच टक्के धरलं तर टनाला साडेबारा किलो मिळणारं नत्र, म्हणजे 48 किलोंसाठी पावणेचार टनांच्या वर खत. पण तेवढ्या खतातून 95 किलोंच्या आसपास स्फुरद जमिनीत जाईल, गरज आहे 24 ची. दरवर्षी असं केलं तर स्फुरद साचत जातं आणि जस्ताची टंचाई वाढते. तुमचं जस्त आधीच 0.6 पीपीएम या कमतरतेच्या मर्यादेखाली आहे. म्हणून कोंबडीखताची मात्रा नत्रावर ठरवू नका, स्फुरदाच्या गरजेवर ठरवा. नत्राची उरलेली तूट दुसरीकडून भरा.

तुमच्या हातातल्या खतांचा हिशोब असा बसतो:

नत्र: 48 वजा शेणखतातले 3, वजा कोंबडीखतातले 5. उरले 40.
स्फुरद: 24 वजा 3, वजा 5. उरले 16.
पालाश: 16 वजा 8, वजा 5. उरले 3. जमिनीत पालाश 320 आहे, त्यामुळे हे 3 किलो सोडून द्या. म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत) यंदा नको.

16 किलो स्फुरद म्हणजे 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट. डीएपीही (डायअमोनियम फॉस्फेट) चालेल, 35 किलो पुरेल, पण सुपर फॉस्फेटबरोबर 11 किलो गंधक फुकट येतं आणि कर्ब कमी असलेल्या जमिनीत गंधकही बहुधा कमीच असतं. मी सुपर घेईन. 40 किलो नत्र म्हणजे 87 किलो युरिया. सेंद्रिय खत न घालता 48 किलो नत्रासाठी 104 किलो लागला असता. म्हणजे तुमच्या साठ्यातून पहिल्या वर्षी कमी होतो तो 17 किलो युरिया. निम्मा नाही.

दरवर्षी 2 टन घालत राहिलात तर मागच्या वर्षांचं उरलेलं नत्रही थोडं थोडं मोकळं होत जातं. चार-पाच वर्षांनी आणखी 7-8 किलो युरिया कमी करता येईल, तेही नवं माती परीक्षण आणि पिकाचा रंग पाहूनच.

87 किलोंची वाटणी: पेरणीला 20 किलो, 25 ते 30 दिवसांनी 35 किलो आणि 42 ते 45 दिवसांनी, तुरा दिसण्याआधी, 32 किलो. पेरणीला कमी द्यायचं कारण असं की पहिल्या तीन आठवड्यांत मका फार थोडं नत्र उचलतो. गुडघ्याएवढा झाला की भूक एकदम वाढते. कणसावर दाण्यांच्या ओळी किती असतील हे सहा ते आठ पानांच्या सुमारास ठरतं, आणि मिशा बाहेर येईपर्यंत एकूण नत्रापैकी साधारण दोन तृतीयांश उचलून झालेलं असतं. त्या खिडकीत नत्र कमी पडलं तर नंतर कितीही टाका, कणीस मोठं होत नाही.

उकिरडा_ते_खत

वरचा हिशोब बरोबर आहे, पण "अर्धा टक्का नत्र" हे चांगल्या शेणखतासाठी. उन्हात उघडं पडलेलं, पावसात धुऊन निघालेलं, वर पांढरं झालेलं खत असेल तर त्यात एवढं नत्र शिल्लक नसतं. शिवाय जनावराने बाहेर टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा आणि पालाशाचा तर बहुतेक भाग मूत्रात असतो. गोठ्यातलं मूत्र वाहून जात असेल तर उकिरड्यात फक्त शेण उरतं. गव्हाणीखालचा उरलेला चारा, पाचट, भुसा मूत्राखाली अंथरा आणि रोज तो थर खड्ड्यात टाका. कुठलंही विकत आणलेलं जिवाणूखत टाकण्याआधी हे करा.

खड्डा एक मीटरपेक्षा खोल नको, खाली हवा पोहोचत नाही. ओल एवढी की मूठ दाबली तर हाताला ओलसर लागावं, पाणी निथळू नये. तीन-तीन आठवड्यांनी दोनदा तरी वरखाली करा. ढिगाच्या पोटात 55 अंशांच्या वर उष्णता गेली तर तणाचं बी बरंच मरतं, म्हणून कडेचा भाग आत घ्यायचा. दर टनाला 20 ते 25 किलो सुपर फॉस्फेट थरांत भुरभुरलं तर अमोनिया कमी उडतो आणि स्फुरदही जमिनीत लगेच न अडकता जरा जास्त काळ मिळत राहतो. तुम्हाला 100 किलो सुपर घालायचंच आहे, त्यातलं 40-50 किलो आताच ढिगात जाऊ द्या आणि पेरणीला तेवढं कमी करा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पंचविसाव्या दिवशी पिवळा पडणारा मका हा बहुधा अर्धवट कुजलेल्या खताचा परिणाम. काडीकचरा जास्त असलेल्या खतात कर्ब-नत्राचं प्रमाण 30 च्या वर असतं. मक्याच्या वाळलेल्या ताटांत (खोडांत) तर ते 60-70 ला 1 असं असतं. असं खत मातीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलं उपलब्ध नत्र ओढून घेतात. चार ते सहा आठवडे पिकाला नत्र मिळत नाही, आणि नेमकी तीच मक्याची भूक वाढायची वेळ असते. नत्र वाया जात नाही, नंतर सुटतं, पण तोवर कणसाच्या ओळी ठरून गेलेल्या असतात.

खत तयार आहे का हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काळपट-तपकिरी रंग, मूळ काडी ओळखू न येणं, अमोनियाचा उग्र वास नसणं, आणि वरखाली केल्यावर ढीग पुन्हा गरम न होणं. शेवटची खूण सगळ्यात भरवशाची. ढीग परत तापला तर अजून वेळ आहे.

कच्चं घालायचीच वेळ आली तर पेरणीआधी किमान महिनाभर घाला, जमीन ओलसर ठेवा आणि पेरणीच्या वेळचा युरिया 20 ऐवजी 40 किलो करा. आणखी एक: कच्च्या शेणखतात हुमणीच्या अळ्या आणि वाळवी दोन्ही येतात. ढीग पसरताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून काढल्याशिवाय ते खत रानात नेऊ नका.

खताचं वजन ठरवताना ट्रॉलीच्या अंदाजावर विसंबून राहू नका. ओलं आणि कोरडं यांत वजन दीडपटीने बदलतं. एक घमेलं वजन करा आणि घमेली मोजा. एकरभर 75 सेंमीच्या ओळी म्हणजे एकूण साधारण 5,400 मीटर लांबी. 2 टन खत म्हणजे मीटरला 370 ग्रॅम. एवढं थोडं खत सगळ्या रानात फेकून काहीच हाती लागत नाही. सरी पाडून ओळीत घाला आणि त्याच दिवशी मातीआड करा. पसरलेला ढीग चार दिवस उन्हात राहिला तर अमोनियाचा जो भाग लगेच कामाला येणार होता तोच उडून जातो.

जिवंतमाती

वरची दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत, पण पहिल्या उत्तरात जमिनीला जणू रिकामं भांडं धरलंय. जमिनीचं स्वतःचं देणंही मोजायला हवं. एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंमी मातीचं वजन 20 लाख किलोंच्या आसपास. कर्ब 0.41 टक्के म्हणजे 8,200 किलो, आणि त्यात साधारण बाराव्या हिश्श्याने नत्र, जवळपास 700 किलो. त्यातलं दोन-तीन टक्के एका हंगामात मोकळं होतं, म्हणजे एकरी 6 ते 8 किलो. कर्ब 0.8 वर गेला तर हेच दुप्पट होईल. त्याबरोबर पाणी धरून ठेवणं, पावसानंतर वरची पपडी न बसणं, मुळं खोल जाणं, हे सगळं मिळतं. युरियाच्या गोणीत यातलं काही नसतं.

पूर्ण सेंद्रिय करायचं असेल तर शेणखताचे डोंगर शोधायचे नसतात, नत्र हवेतून आणायचं असतं. मक्याच्या आधी ताग किंवा धैंचा ही हिरवळीची, मुळांवाटे हवेतलं नत्र बांधणारी पिकं घ्या. तागाचं बी एकरी 20 ते 25 किलो, 40 ते 45 दिवसांनी फुलोरा सुरू होताच जमिनीत गाडा आणि 10 ते 15 दिवसांनी मका टोका. चांगल्या वाढलेल्या तागात एकरी 6 ते 8 टन हिरवा पाला आणि त्यात 25 ते 35 किलो नत्र असतं. निम्मं जरी पहिल्या पिकाला मिळालं तरी 15 किलो. फूल जून होऊ दिलं तर खोड लाकडी होतं आणि वर सांगितलेली नत्र अडकण्याची भानगड इथेही होते.

त्याला 4 टन शेणखताचे 6, अर्धा टन कोंबडीखताचे 6, 100 किलो निंबोळी पेंडीचे 3 जोडले तर 30 किलो झाले. शिफारशीच्या दोन तृतीयांशाला थोडं कमी. कमी नत्रावर उभा राहील असा मका घ्यायचा तर झाडंही जरा कमी ठेवा, 75 बाय 20 ला एकरी 26,600 बसतात, त्याऐवजी 22,000 च्या आसपास. दाट लावून उपाशी ठेवलेल्या मक्यात बिनकणसाची ताटं जास्त निघतात.

सेंद्रिय शेतीत स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट सांगितलं जातं. ते आम्ल जमिनीत विरघळतं. 7.8 सामूच्या जमिनीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील, त्यावर खर्च नको.

मक्यात चवळी किंवा उडीद आंतरपीक घेतलं तर तण दबतं आणि जमीन झाकली जाते. पण त्या चवळीने बांधलेलं नत्र त्याच हंगामातल्या मक्याला फारसं मिळत नाही. ते पुढच्या पिकाचं. मक्याच्या मात्रेतून ते वजा करू नका.

नत्रमापक

जमिनीचं देणं मोजायला हवं हे मान्य. फक्त 120:60:40 ही शिफारस ज्या चाचण्यांवरून ठरते त्यांत जमिनीचं ते देणं आधीच धरलेलं असतं. म्हणून ते पुन्हा वजा करता येत नाही. तुमच्या जमिनीचा कर्ब सरासरीपेक्षा बराच जास्त असता तरच वेगळं वजा केलं असतं.

आणि कर्ब 0.8 पर्यंत नेण्याचा वेगही एकदा मोजून पाहू या. एकरी 8 लाख किलो मातीत कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा म्हणजे 800 किलो कर्ब टिकून राहायला हवा. 2 टन शेणखतात साधारण 300 किलो कर्ब, वर्षभराने त्यातला पाव हिस्सा उरतो, 75 किलो. नुसत्या 2 टन शेणखताने 0.1 टक्क्याला दहा वर्षं लागतील. यात एक गोष्ट नेहमी सुटते: मक्याची मुळं आणि बुडखे हाही कर्बच आहे, आणि पोट भरलेल्या मक्याची मुळं उपाशी मक्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. योग्य मात्रेत, योग्य वेळी दिलेला युरिया मुळांच्या वाटे कर्ब वाढवायला हातभार लावतो. कर्ब घटतो तो नांगरट जास्त झाली, धसकटं-ताटं जाळली किंवा उपटून नेली आणि बदल्यात काहीच परत आलं नाही, म्हणून.

मक्याआधी ताग-धैंचासारखं दुसरं पीक घेण्याबद्दल, म्हणजे पिकांच्या फेरपालटीबद्दल, तुमच्याशी पूर्ण सहमत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाचे मोरो प्लॉट्स 1876 पासून चालू आहेत, तिथे एका तुकड्यात दरवर्षी मकाच आणि शेजारच्या तुकड्यांत फेरपालट. तोवर काहीच न घातलेल्या काही भागांना 1955 मध्ये चुना आणि नत्र-स्फुरद-पालाश दिल्यावर उत्पादन झपाट्याने वाढलं, पण फेरपालटीचा मका सलग मक्याच्या पुढेच राहिला. खत आणि फेरपालट या दोघांचं काम वेगवेगळं आहे.

सरीवरंबा

ढिगात सुपर फॉस्फेट घालणं आणि सरीत खत देणं हे नक्की करणार. पुढचे प्रश्न: युरिया द्यायची नेमकी पद्धत काय, जस्त कसं द्यायचं, आणि ॲझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) व जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) यांचं किती नत्र वजा करायचं?

कोळपणी

युरियाची पद्धत मात्रेइतकीच महत्त्वाची आहे, तुमच्या 7.8 सामूला तर जास्तच. ओलसर, उबदार, अल्कधर्मी जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. पाचवा हिस्सा सहज जातो, कधी त्याहून बराच जास्त. निंबोळी तेल लावलेल्या युरियाने हे थांबत नाही. निंबोळीचा गुण अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवण्याचा आहे, वर पडलेला युरिया उडायचा तो उडतोच. म्हणून तो मातीआड करणं किंवा लगेच पाणी देणं, यातलं एक काहीतरी हवंच.

पेरणीला खत बियाण्याच्या बाजूला 5 सेंमी आणि खाली 5 सेंमी पडायला हवं. बियाण्याला चिकटून युरिया किंवा डीएपी पडलं तर अमोनियाने कोंब जळतो, ओळीत मधे मधे मोकळ्या जागा दिसतात आणि दोष बियाण्यावर जातो. कोंबडीखतालाही हेच लागू. ताजं असेल तर बियाण्याजवळ नकोच, आणि कुजलेलं असलं तरी बियाणं आणि खत यांच्या मधे मातीचा थर हवा.

दुसरा हप्ता: वाफसा (जमीन चिखल नाही, कोरडीही नाही) असताना ओळीच्या एका बाजूला, खोडापासून 8 ते 10 सेंमीवर काकरी पाडून खत सोडा आणि कोळप्याने झाका. 35 किलो युरिया 5,400 मीटरांत म्हणजे मीटरला साडेसहा ग्रॅम, झाडाला 1.3 ग्रॅम. 30 मीटरच्या ओळीला 195 ग्रॅम होतात. एका भांड्यात तेवढं वजन करून खूण करून ठेवा आणि प्रत्येक ओळीला तेच माप वापरा. हाताने अंदाजाने टाकताना पहिल्या दहा ओळींना दुप्पट आणि शेवटच्या ओळींना काहीच नाही, असं हमखास होतं.

तिसऱ्या हप्त्याबरोबर भर लावून घ्या, म्हणजे ताटांच्या बुडाशी माती चढवा. खतही झाकलं जातं आणि ताटं लोळत नाहीत. भर दुपारी किंवा पानांवर दव असताना युरिया उधळू नका. दाणे पोंग्यात (वरच्या न उलगडलेल्या पानांत) जातात, आणि पानं उलगडली की त्यावर पांढऱ्या जळक्या पट्ट्या दिसतात. लोक त्याला रोग समजून फवारणी करतात.

फवारणीतून नत्र भागवायचा विचार असेल तर तोही मोजा. 200 लिटर पाण्यात 2 टक्के युरिया म्हणजे 4 किलो, नत्र 1.8 किलो. आणीबाणीला ठीक, जेवणाला पुरेसं नाही.

जस्त: झिंक सल्फेट, 21 टक्क्यांचं, एकरी 8 ते 10 किलो, दोन-तीन वर्षांतून एकदा. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळायचं नाही, स्फुरदाशी जुळून ते न विरघळणारं होतं. 100-150 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग सरीत द्या. विसरलात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोवळ्या पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना बुडाकडे फिकट पांढरे पट्टे दिसले, तर अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का विरलेला चुना एकत्र करून, गाळून, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. चुना न घालता फवारलं तर पानं करपतात.

नत्राची कमतरता वेगळी दिसते. खालच्या, जुन्या पानापासून सुरू होते, टोकाकडून मध्यशिरेने आत घुसणारा व्ही आकाराचा पिवळेपणा. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश. जांभळट झाक स्फुरदाची, पण थंडीत रोपं लहान असताना ती स्फुरद भरपूर असूनही दिसते आणि ऊब आली की जाते. नव्या पानांवर शिरांमधून लांब पिवळे पट्टे असतील तर गंधक किंवा जस्त तपासा, युरिया वाढवू नका.

जिवंतमाती

जीवामृताचं उत्तर मीच देतो, कारण ते वापरायला सांगणाऱ्यांपैकी मीही एक आहे. एकरी 200 लिटरमध्ये 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो बेसन. सगळ्याचं मिळून नत्र पाव किलोच्या आतच. नत्राच्या हिशोबात त्याला शून्य धरा. त्याचा उपयोग जिवाणूंच्या हालचालीसाठी, आणि तोही जमिनीत कुजण्यासारखं काही असेल तरच. आच्छादन नाही, शेणखत नाही आणि नुसतं जीवामृत, याने मका वाढत नाही.

ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू: 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम, सावलीत चोळून, वाळवून लगेच पेरणी. बुरशीनाशक-कीटकनाशक आधी, जिवाणू शेवटी. मात्र संकरित मक्याचं बियाणं बहुतेक रंग दिलेलं, औषध लावलेलं येतं. त्यावर जिवाणू फारसे जगत नाहीत. अशा वेळी 2 किलो जिवाणूखत 100 किलो ओलसर शेणखतात मिसळा, चार-पाच दिवस सावलीत झाकून ठेवा आणि सरीत द्या. रासायनिक खतात मिसळू नका. याच्यासाठीही युरिया वजा करू नका, जे मिळेल ते जास्तीचं समजा.

एक भर घालतो. मक्याचा दाणा विकला जातो तेव्हा रानातून नत्र आणि स्फुरद जातं. पालाश मात्र बहुतेक ताटांत राहतं. अडीच टन वाळलेली ताटं बाहेर गेली तर 30 किलोंच्या पुढे पालाश गेलं. यंदा पालाश 320 आहे म्हणून म्युरेट सोडलं ते ठीक, पण ताटं वैरणीला जात असतील आणि त्या जनावरांचं खत याच रानात परत येत नसेल, तर तीन-चार वर्षांत हा आकडा खाली येईल. माती परीक्षण दर दोन-तीन वर्षांनी, खत घालण्याआधी करा.

ओलीतकर

एक मुद्दा कोणी घेतला नाही: पाऊस. काळ्या जमिनीत युरिया दिल्यावर जोराचा पाऊस होऊन दोन-तीन दिवस पाणी साचलं तर किती नत्र गेलं हे तो किती दिवसांपूर्वी दिला होता यावर ठरतं. तीन-चार दिवसांपूर्वीचा असेल तर बराचसा अमोनियम रूपात मातीच्या कणांना धरून असतो, फार जात नाही. दोन आठवड्यांपूर्वीचा असेल तर त्याचं नायट्रेट झालेलं असतं, आणि हवा नसलेल्या जमिनीत जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. वाळूसर जमिनीत तेच नायट्रेट मुळांच्या खाली वाहून जातं, म्हणून तिथे युरियाचे तीनऐवजी चार हप्ते करा.

पाणी साचल्यावर लगेच युरिया टाकायची घाई नको. गुदमरलेली मुळं काही उचलत नाहीत. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, पाच-सहा दिवस नव्या पानांचा रंग पाहा. पिवळेपणा वर चढत असेल तर एकरी 15 ते 20 किलो युरिया मातीआड द्या. तुरा येईपर्यंत याचा नक्की उपयोग होतो, मिशा वाळायला लागल्यावर होत नाही.

रंग कशाशी तुलना करून ठरवायचा, हा प्रश्न नेहमीचा. त्यासाठी रानाच्या मध्यावर चार ओळींचा, 10 मीटर लांबीचा एक पट्टा राखा आणि तिथे सगळे हप्ते दीडपट द्या. बाकी मका त्या पट्ट्याइतकाच हिरवा असेल तर नत्र कमी पडलेलं नाही, शेवटचा हप्ता थोडा कमी केला तरी चालेल. पट्टा गडद आणि बाकी रान फिकट दिसलं तर तूट आहे. त्याच्या शेजारी तेवढाच एक पट्टा पाव भाग कमी युरियाचा ठेवा. काढणीला दोन्ही पट्ट्यांच्या आणि बाकी रानातल्या तेवढ्याच जागेच्या मधल्या दोन-दोन ओळी घ्या, कणसं वेगळी तोडा, दाणे सोडवून वाळवा आणि वजन करा. कणसाच्या टोकाला किती बोटं रिकामं राहिलं तेही तिन्हींत पाहा. पाव भाग कमी दिलेल्या पट्ट्याचं वजन बाकी रानाएवढंच भरलं, तर पुढच्या वर्षी 87 ऐवजी 65 किलोंपासून सुरुवात करायला हरकत नाही.

सरीवरंबा

दोन्ही पट्टे आखून घेतो. तुरा येण्याच्या सुमारास पट्ट्यांचा आणि बाकी रानाचा रंग, आणि काढणीनंतर तिन्ही वजनं इथेच टाकेन. खताचं एक घमेलं आज मोजलं: शेणखत 16 किलो, म्हणजे 125 घमेली. ढीग वरखाली केल्यावर पुन्हा गरम झालेला आहे, त्यामुळे आणखी तीन आठवडे थांबून मगच सरीत घालणार.